अ‍ॅक्रोमेगालीचा उपचार: निदानापासून दीर्घकालीन देखरेखीपर्यंत

अ‍ॅक्रोमेगालीचे निदान बहुधा उशिरा होते. पिट्युटरी ग्रंथीतील गाठीमुळे शरीरात ग्रोथ हॉर्मोन प्रमाणाबाहेर वाढल्याने बहुधा हा आजार होतो. अंगठी बोटात जाईनाशी होणे, चपलेचा नंबर वाढत जाणे, दातांमध्ये फटी पडणे, घाम आणि घोरणे वाढणे, हातांना मुंग्या येणे हे बदल इतक्या संथ गतीने होतात की रोज पाहणाऱ्या माणसांच्या ते लक्षातही येत नाहीत. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत अनेकदा ५ ते १० वर्षे निघून गेलेली असतात. त्यामुळे आजाराचे नाव कळताच सगळे तातडीने उरकून टाकावे असे रुग्णाला आणि घरच्यांना वाटू लागते. नजर झपाट्याने अधू होत असेल किंवा अचानक तीव्र डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या असतील, तर घाई खरोखरच आवश्यक असते. एरवी योग्य तज्ज्ञ शोधण्यासाठी आणि पूर्वतयारीसाठी लागलेले काही आठवडे वाया जात नाहीत, उलट पुढच्या अनेक वर्षांचा उपचार त्यांच्यावर अवलंबून असतो.

या उपचारात तीन कामे एकाच वेळी चालतात: गाठीचा बंदोबस्त, हॉर्मोनची पातळी नियंत्रणात आणणे आणि वाढलेल्या हॉर्मोनने शरीरात जे बिघाड केले आहेत त्यांची काळजी घेणे. पैकी एक काम झाले म्हणजे दुसरे आपोआप होते, असे नाही. गाठ काढल्यानंतरही हॉर्मोन वाढलेले राहू शकते आणि हॉर्मोन उतरल्यानंतरही रक्तदाब किंवा झोपेतील श्वासाचा त्रास शिल्लक राहू शकतो.

निदान पक्के करून घेणे

बहुसंख्य रुग्णांमध्ये आजाराचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत असते. तेथील ग्रोथ हॉर्मोन तयार करणाऱ्या पेशींची एक गाठ होते. ही गाठ कर्करोगाची नसते, मात्र ती बेसुमार हॉर्मोन रक्तात सोडत राहते. हे हॉर्मोन यकृताला आयजीएफ-१ नावाचे दुसरे द्रव्य तयार करायला लावते आणि हाडे, कूर्चा, त्वचा व अंतर्गत अवयवांची वाढ प्रामुख्याने या द्रव्यामुळे होते. फ्रेंच वैद्य पिएर मारी यांनी १८८६ साली या आजाराला त्याचे आजचे नाव दिले. हाच बिघाड हाडांची वाढ थांबण्यापूर्वी, म्हणजे लहानपणी झाला, तर उंची अवास्तव वाढते. प्रौढ वयात उंची वाढत नाही, परंतु जबडा, कपाळ, हात आणि पाय रुंदावत जातात.

पहिली तपासणी आयजीएफ-१ ची असावी. ग्रोथ हॉर्मोन दिवसभर झटक्याझटक्याने स्रवत असल्याने कोणत्याही एका वेळी घेतलेल्या नमुन्यावरून काही ठरवता येत नाही, तर आयजीएफ-१ ची पातळी दिवसभर जवळपास स्थिर असते. मात्र तिची सामान्य मर्यादा वयानुसार बदलते, म्हणून अहवालात वयोगटानुसार मर्यादा छापलेली आहे की नाही हे आधी पाहावे. कुपोषण, यकृताचा आजार, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडची कमतरता किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांमुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. किशोरवयात आणि गरोदरपणात तो स्वाभाविकपणेच जास्त असतो.

शंका राहिल्यास ग्लुकोज चाचणी केली जाते. रात्रभर उपाशी राहून सकाळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे असते आणि त्यानंतर दोन तास दर अर्ध्या तासाने रक्त घेतले जाते. शिरेत एकदाच बारीक नळी बसवून घेतली तर वारंवार सुई टोचावी लागत नाही. निरोगी माणसात साखर चढली की ग्रोथ हॉर्मोन १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली उतरते, आणि आजच्या अतिसंवेदनशील पद्धतींत तर ०.४ च्याही खाली जाते. या आजारात ते तसे उतरत नाही. मधुमेह आधीपासूनच वाढलेला असेल, तर ही चाचणी उपयोगाची नाही. लक्षणे स्पष्ट असतील आणि आयजीएफ-१ बरेच वाढलेले असेल, तर तिची गरज नेहमीच पडते असेही नाही.

यानंतर कॉन्ट्रास्टसह पिट्युटरीचा एमआरआय केला जातो. त्याचा अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: गाठ किती मिलिमीटरची आहे, दृष्टीच्या मज्जातंतूंपासून ती किती दूर आहे, बाजूच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये (ग्रंथीच्या दोन्ही बाजूंच्या शिरांच्या पोकळीत) ती शिरली आहे का आणि टी-२ प्रतिमांमध्ये (एमआरआयच्या एका प्रकारच्या प्रतिमांत) ती गडद दिसते की उजळ. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ ही मोठी गाठ मानतात आणि निदानाच्या वेळी बहुसंख्य रुग्णांची गाठ तशीच असते. कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरलेला भाग शस्त्रक्रियेने पूर्णपणे निघणे अवघड असते. टी-२ मध्ये उजळ दिसणारी गाठ पुढे नेहमीच्या इंजेक्शनांना कमी दाद देण्याची शक्यता असते. या चार उत्तरांतून पुढचा मार्ग बराचसा दिसू लागतो. गाठ दृष्टीच्या मज्जातंतूंना टेकलेली असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घेणे अनिवार्य आहे, कारण दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर हळूहळू कमी झालेली रुग्णाला स्वतःला पुष्कळदा कळतच नाही. रुग्ण तिशीच्या आतला असेल किंवा कुटुंबात कोणाला पिट्युटरीची गाठ झालेली असेल, तर जनुकीय तपासणीचा विषय स्वतःहून काढावा.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

मोठी गाठ शेजारच्या निरोगी ग्रंथीला दाबत असते. त्यामुळे सकाळचे कॉर्टिसॉल (शरीराचे नैसर्गिक स्टिरॉइड), थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हॉर्मोन) आणि लैंगिक हॉर्मोन यांच्या तपासण्या आधीच करून घ्याव्या लागतात. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील, तर आधी स्टिरॉइड सुरू करून मगच थायरॉइडची गोळी द्यायची असते. हा क्रम उलटा झाल्यास रुग्णाची प्रकृती गंभीर होऊ शकते.

रक्तदाब, साखर, ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी या तपासण्या ठरलेल्याच असतात. राहून जाते ती झोपेची तपासणी. जीभ आणि घशातील मऊ भाग वाढल्याने झोपेत श्वास अडकण्याचा त्रास या रुग्णांत फार मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि याच कारणाने भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणेही कठीण जाऊ शकते. म्हणून भूलतज्ज्ञांची भेट शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री न ठेवता काही दिवस आधी घ्यावी, आणि ‘अ‍ॅक्रोमेगाली आहे, घोरणे आहे, श्वास अडकतो’ हे त्यांना आपणहून सांगावे. कृत्रिम दात किंवा हलणारे दात असल्यास तेही सांगावे.

शस्त्रक्रिया आणि पहिले दोन आठवडे

बहुतेक रुग्णांसाठी शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार असतो. नाकातून दुर्बीण घालून, स्फेनॉइड सायनसच्या (नाकामागील हाडातील पोकळीच्या) वाटेने गाठीपर्यंत पोहोचतात. कवटी उघडावी लागत नाही आणि चेहऱ्यावर व्रणही राहत नाही. अनुभवी हातांत लहान गाठींच्या बाबतीत ८० ते ९० टक्के रुग्णांचे हॉर्मोन पूर्णपणे आटोक्यात येते, तर मोठ्या गाठींत हे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्क्यांपर्यंत उतरते.

‘अनुभवी हातांत’ ही अट येथे सर्वांत महत्त्वाची आहे. रुग्णालय किती मोठे आहे किंवा यंत्रे किती नवी आहेत, यापेक्षा शल्यविशारद दर वर्षी नेमक्या पिट्युटरीच्याच किती शस्त्रक्रिया करतात, हा प्रश्न माझ्या मते अधिक मोलाचा आहे. तो विचारताना संकोच करण्याचे काहीच कारण नाही. सोबत एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हॉर्मोनतज्ज्ञ) पहिल्या दिवसापासून उपचारात असतील का, हेही विचारून घ्यावे. केवळ याच कारणासाठी दूरच्या शहरात जावे लागत असेल, तर तो त्रास घेण्यासारखा आहे.

शस्त्रक्रियेनंतर पाणी आणि लघवी यांचा हिशोब काटेकोरपणे ठेवावा लागतो. ग्रोथ हॉर्मोन उतरताच शरीरात साचलेले पाणी बाहेर पडू लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी लघवी वाढली म्हणून लगेच धास्तावू नये. परंतु तीव्र तहान, पाण्यासारखी फिकट लघवी आणि तिचे दिवसभराचे प्रमाण ३ लिटरच्या वर असे चित्र दिसले, तर शरीरात पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन हॉर्मोन कमी पडत असण्याची शक्यता असते. ही कमतरता बहुधा तात्पुरती असते आणि औषधाने आवरते. याच्या नेमका उलटा धोका घरी परतल्यानंतर, साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीस संभवतो: शरीर पाणी धरून ठेवते आणि रक्तातील सोडियम घसरते. डोके जड होणे, मळमळ, सुस्ती, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून एका मापाच्या भांड्यात लघवी मोजून, प्यायलेले पाणी आणि वेळ यांची वहीत नोंद ठेवावी. पाणी तहानेपुरतेच प्यावे, कोणी सांगितले म्हणून बळेच जास्त पिऊ नये. सोडियमची तपासणी कधी करायची, हे घरी सोडताना लिहून घ्यावे.

नाकाच्या बाबतीत शल्यविशारद सांगतील तितके आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडून द्यावी, जड वस्तू उचलू नये, खाली वाकून कामे करू नयेत आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. झोपेत श्वास अडकू नये म्हणून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी ते शल्यविशारदांच्या परवानगीशिवाय पुन्हा सुरू करू नये. नाकातून स्वच्छ पाण्यासारखा द्राव गळू लागला, विशेषतः पुढे वाकल्यावर किंवा घशात खारट चव जाणवून, किंवा ताप, मान आखडणे, नजर एकाएकी कमी होणे असे काही घडले, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. स्टिरॉइडच्या गोळ्या दिलेल्या असतील, तर बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. सकाळचे कॉर्टिसॉल तपासल्यावरच तो निर्णय होतो.

काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल जपून ठेवावा. पेशींत हॉर्मोन साठवणारे कण दाट आहेत की विरळ, याची नोंद त्यात असते. विरळ कणांच्या गाठी नेहमीच्या इंजेक्शनांना तुलनेने कमी प्रतिसाद देतात आणि औषध निवडताना ही माहिती उपयोगी पडते.

बाराव्या आठवड्याचा आकडा

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच बोटांची सूज उतरते, घाम कमी होतो, चेहरा हलका वाटतो. या बदलांनी समाधान वाटणे साहजिक आहे, पण त्यांवरून आजार गेला असे मानू नये. हॉर्मोन अर्धवट उतरले तरी सूज उतरते. खरा निकाल सुमारे १२ आठवड्यांनी केलेल्या आयजीएफ-१ च्या तपासणीतून कळतो, कारण ही पातळी स्थिरावायला वेळ लागतो. त्याच सुमारास एमआरआय पुन्हा केला जातो. आयजीएफ-१ वयाच्या मर्यादेत आले आणि ग्रोथ हॉर्मोन १ च्या खाली असले, तर औषधाची गरज नसते, फक्त वर्षातून एकदा तपासणी करत राहावे लागते. आकडा मर्यादेच्या किंचितच वर असेल, तर औषध सुरू करण्याआधी तपासणी पुन्हा करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

औषधे

शस्त्रक्रियेनंतरही आजार शिल्लक असेल, किंवा शस्त्रक्रिया शक्यच नसेल, तर सहसा ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांनी सुरुवात होते. दोन्ही साधारण चार आठवड्यांतून एकदा घ्यायची असतात आणि गाठीतून होणारा हॉर्मोनचा स्राव कमी करतात. अनेकांमध्ये गाठही आकसते. ऑक्ट्रिओटाइड बहुधा २० मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेनुसार कमीजास्त करतात. लॅनरिओटाइड ६०, ९० किंवा १२० मिलिग्रॅमच्या तयार सिरिंजमध्ये मिळते. पहिली तीन इंजेक्शने होईपर्यंत औषधाचा पुरता परिणाम दिसत नाही, म्हणून त्याआधीच ‘लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. तपासणीचे रक्त पुढच्या इंजेक्शनच्या लगेच आधी द्यावे.

इंजेक्शन कसे दिले जाते, याकडे रुग्णाने स्वतः लक्ष द्यावे, कारण महागडे औषध चुकीच्या हाताळणीने वाया गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. दोन्ही औषधे फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसवर ठेवायची असतात, पण गोठू द्यायची नसतात, आणि टोचण्यापूर्वी निदान अर्धा तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणायची असतात. ऑक्ट्रिओटाइडची पावडर सोबतच्या द्रावणात पूर्णपणे भिजू द्यावी लागते. त्यासाठी बाटली काही मिनिटे न हलवता ठेवावी, मग पाकिटावरील सूचनेप्रमाणे एकजीव करून लगेच टोचावी. मिश्रण करून ठेवून नर्स दुसऱ्या रुग्णाकडे गेली, तर पावडर तळाशी बसते आणि सुई अडते. हे इंजेक्शन नितंबाच्या स्नायूत खोल दिले जाते. लॅनरिओटाइड त्वचेखाली खोल द्यायचे असते. त्यासाठी त्वचा चिमटीत न धरता ताणून सपाट करतात आणि दांडा सुमारे २० सेकंद सावकाश दाबतात. दर वेळी बाजू बदलावी. तेथे काही दिवस गाठ लागणे स्वाभाविक आहे.

सुरुवातीला जुलाब, पोटात कळा, वायू यांचा त्रास होतो आणि बहुधा काही आठवड्यांत कमी होतो. पित्ताशयात खडे होणे हा दीर्घकालीन परिणाम आहे. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर तीव्र कळ येऊ लागली, तर सोनोग्राफी करून घ्यावी. नाडीचे ठोके मंदावणे आणि साखरेत चढउतार होणे हेही संभवते.

ही इंजेक्शने सर्वांनाच पुरेशी ठरत नाहीत. अशा वेळी काय करायचे, हे शिल्लक आजार किती आहे यावर ठरते. आयजीएफ-१ थोडेच वाढलेले असेल, तर कॅबरगोलिनच्या गोळ्या एकट्या किंवा इंजेक्शनच्या जोडीने उपयोगी पडतात. त्या आठवड्यातून काही ठरावीक दिवशी, शक्यतो रात्री खाल्ल्यानंतर घ्याव्यात. घेणाऱ्याच्या वागण्यात अचानक बेफाम खरेदी, जुगार असा काही बदल दिसला, तर घरच्यांनी डॉक्टरांना कळवावे, कारण हा औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे आणि रुग्ण स्वतः तो क्वचितच बोलून दाखवतो. पेगव्हिसोमंट हे औषध वेगळ्या मार्गाने काम करते: ते हॉर्मोनचा स्राव थांबवत नाही, हॉर्मोनला शरीरावर परिणाम करू देत नाही. ते बहुधा रोज त्वचेखाली टोचून घ्यावे लागते. ते चालू असताना ग्रोथ हॉर्मोनचा आकडा निरर्थक ठरतो, फक्त आयजीएफ-१ पाहायचे असते. यकृताच्या तपासण्या पहिले सहा महिने दर महिन्याला कराव्या लागतात, टोचण्याची जागा बदलत ठेवावी लागते आणि गाठीवर एमआरआयने नजर ठेवावी लागते. पॅसिरिओटाइड अधिक प्रभावी ठरू शकते, पण साखर लक्षणीय वाढवते. मधुमेह असलेल्यांनी ते पूर्ण तयारीनिशीच सुरू करावे.

सुयांना कंटाळलेल्यांसाठी तोंडाने घ्यायचे ऑक्ट्रिओटाइड अमेरिकेत २०२० साली मंजूर झाले. इंजेक्शनने आजार आधीच आटोक्यात असलेल्यांसाठी ते आहे, आणि जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तास नंतर रिकाम्या पोटी घ्यावे लागते. जेवणाच्या वेळा न पाळणाऱ्याला इंजेक्शनच बरे.

किरणोपचार

शस्त्रक्रिया आणि औषधे दोन्ही अपुरी पडली किंवा परवडेनाशी झाली, तर किरणोपचाराचा विचार होतो. गाठ लहान आणि दृष्टीच्या मज्जातंतूंपासून पुरेशी दूर असेल, तर एकाच बैठकीतील रेडिओसर्जरी (गाठीवर नेमके केंद्रित केलेले किरण) करता येते, अन्यथा पाच-सहा आठवडे विभागून किरण दिले जातात. परिणाम दिसायला काही वर्षे लागतात आणि तोपर्यंत औषध चालूच ठेवावे लागते. पुढे पिट्युटरीची इतर हॉर्मोन कमी पडण्याचा संभव मोठा असल्याने त्यांची तपासणी कायम दरवर्षी करावी लागते.

शरीराची बाकी कामे

मधुमेह असेल, तर ग्रोथ हॉर्मोन उतरताच साखरही उतरू लागते. इन्सुलिन किंवा गोळ्यांची मात्रा वेळीच कमी केली नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. रक्तदाबाचा उपचार नेहमीसारखाच, पण अधिक नेटाने करावा. झोपेची तपासणी हॉर्मोन आटोक्यात आल्यावर पुन्हा करावी, कारण काहींचे सीपॅप यंत्र सुटते, तर काहींचे सुटत नाही.

निदानाच्या वेळी मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी करण्याची शिफारस आहे, कारण आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावरील मांसल वाढ) होण्याचे प्रमाण या आजारात वाढलेले असते. आतडे नेहमीपेक्षा लांब असल्याने पोट साफ करण्याची तयारी अधिक काटेकोरपणे करावी लागते, ही गोष्ट तपासणी करणाऱ्यांना आधी सांगावी. पॉलिप निघाला किंवा आयजीएफ-१ वाढलेलेच राहिले, तर पाच वर्षांनी, अन्यथा दहा वर्षांनी तपासणी पुन्हा केली जाते.

हाडांच्या घनतेचा अहवाल चांगला असूनही मणके दबलेले असू शकतात, म्हणून पाठ दुखत असेल किंवा उंची कमी झालेली वाटत असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढावा. सांध्यांचे दुखणे पुष्कळदा मागे उरते आणि त्याला फिजिओथेरपीच लागते. मनगटातील नस दबल्यामुळे येणाऱ्या मुंग्या मात्र बहुधा हॉर्मोन उतरल्यावर कमी होतात, त्यामुळे मनगटाच्या शस्त्रक्रियेची घाई करू नये. जबड्याची आणि दातांची दुरुस्तीही आयजीएफ-१ काही महिने स्थिर राहिल्यावरच करावी. वाढलेली हाडे मूळ आकारात येत नाहीत, ही गोष्ट डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवी. चेहऱ्यातील बदलाचे दुःख हा दिखाऊपणा नव्हे, आणि त्यासाठी समुपदेशकाची मदत घेणे हाही उपचाराचाच भाग आहे.

देखरेख

औषध ठरेपर्यंत दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी आयजीएफ-१ तपासावे, आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि या फरकापायी औषधाची मात्रा विनाकारण बदलली जाते. एका फाइलमध्ये आयजीएफ-१ चे सर्व अहवाल तारखेप्रमाणे, शेजारी वयोमर्यादा आणि त्या वेळची औषधाची मात्रा, एमआरआयच्या प्रतिमांची प्रत, शस्त्रक्रियेचा तपशील आणि पॅथॉलॉजी अहवाल ठेवावा. नवीन डॉक्टरांना शब्दांनी सांगण्यापेक्षा ही फाइल पुष्कळ अधिक सांगते.

उपचारानंतर थांबलेली पाळी परत येऊ शकते आणि गर्भधारणेची शक्यताही वाढते. मूल नको असेल तर संततिनियमन सुरू करावे, हवे असेल तर दीर्घकालीन इंजेक्शने गर्भधारणेच्या साधारण दोन महिने आधी थांबवण्याबाबत एंडोक्रायनॉलॉजिस्टशी बोलून घ्यावे. ज्यांना कायमस्वरूपी स्टिरॉइडच्या गोळ्या लागतात, त्यांनी ताप आला की मात्रा किती वाढवायची, हे कागदावर लिहून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लागते, म्हणून ते घरी ठेवून घरातील एकाला तरी टोचायला शिकवावे आणि ‘स्टिरॉइडवर अवलंबून’ असे लिहिलेले कार्ड पाकिटात कायम बाळगावे.